आधी कपाट उपस, मग बाजारात जा

नवा संसार मांडते आहेस, तर चार गोष्टी सांगून ठेवते. यातल्या बऱ्याचशा मला सासूबाईंकडून मिळाल्या, काही वापरता वापरता उमगल्या. सगळ्यांचं सार एकच आहे. वस्तूची गोडी ती हाताळण्यात असते. कपाटाच्या तळाशी गेलेली वस्तू मनातूनही जाते, आणि मग भरल्या घरात आपल्याकडे काही नाही असं वाटायला लागतं.

काही घ्यावंसं वाटलं, की त्या जातीचं घरातलं सगळं आधी बाहेर काढ. साडी हवी असेल तर आहेत त्या साऱ्या पलंगावर मांड. एकेक उलगड, खांद्यावर टाकून आरशात बघ. एखादी नुसता फॉल सुटला म्हणून मागे पडलेली असते, एखादीचा ब्लाउज घट्ट झालेला असतो. फॉल दुपारच्या वेळात टाचून होतो आणि ब्लाउजला शिंप्याने आत माया ठेवलेली असते, ती उसवून घ्यायची. एवढं झालं की दुकानात जा. बहुतेकदा जावंसंच वाटत नाही, आणि वाटलं तरी नेमकं काय हवं ते कळलेलं असतं.

पैठणीला वर्षातून दोनदा तरी हात लागू दे. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली की मोडीवर जरीची तार तुटते आणि रेशीम विरतं. पावसाळा सरला की उलगडून सावलीत वारा दे. कडक उन्हात नको, रंग उडतो. मग घडी बदल. आधी जिथे मोड होती, तो भाग आता सपाट आला पाहिजे. जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेव, कारण प्लॅस्टिकमध्ये दमटपणा कोंडतो आणि जरी काळवंडते. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नकोस, त्यापेक्षा वेखंडाची पुरचुंडी बरी. नेसायच्या दिवशी अत्तर आधी लाव, ते वाळलं की साडी. घडी बदलताना पदरावरचे मोर निवांत बघायला मिळतात, लग्नाच्या गडबडीत तेवढी सवड कुठे असते? आणि नेसायला कुणाच्या लग्नाची वाट बघू नकोस. संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही नेस.

बिडाचा तवा गंजला म्हणून भंगारात देऊ नकोस. जाड मीठ आणि काथ्याने गंज घासून काढ, धुऊन लगेच आचेवर खडखडीत वाळव. मग तेलाचा हात दे, पण इतका पातळ की पुसून काढल्यासारखा दिसावा. थोडा धुरावेपर्यंत तापव, गार होऊ दे, पुन्हा तेच. चार-पाचदा केलं की तवा काळा तुळतुळीत होतो. घावन घालण्याआधी अर्धा कांदा तेलात बुडवून त्यावर फिरव, कडा आपणहून सुटतील. तापल्या तव्यावर गार पाणी ओतू नकोस, बीड तडकतं. चिंच-टोमॅटोचं त्यात काही शिजवू नकोस, बसलेला तेलाचा थर निघून जातो. हा तवा जितका वापरशील तितका सुधारत जातो.

माझी पितळेची पातेली तुझ्याकडे आली आहेत, ती शोभेला मांडू नकोस. बाहेरून चिंच-मिठाने घास, लगेच धुऊन कोरड्या फडक्याने पूस, नाहीतर डाग राहतात. आत पिवळं दिसायला लागलं की कल्हई करून घे. तोवर ताक किंवा आमसुलाचं सार त्यात ठेवायचं नाही, कळकतं. कल्हईवाला दारावर येईनासा झाला असला तरी पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत चौकशी कर. काम चाललेलं समोर उभं राहून बघ. तापलेल्या पातेल्यात नवसागर पडला की पांढरा धूर उठतो, कथिलाची कांडी टेकवतात, आणि कापसाच्या बोळ्याच्या एका फेऱ्यात सगळं भांडं आतून चांदीसारखं होतं. त्याच पातेल्यात घरी येऊन भात लाव.

जे वापरावं असं वाटतं ते हाताशी ठेव. माळ्यावर टाकलेली पेटी कुणी वाजवत नाही, तीच दिवाणाशेजारी ठेवली तर येता-जाता बोटं सुरांवर पडतात. पाहुण्यांसाठी राखलेल्या कपबश्या काढ आणि घरच्या माणसांना त्यात चहा दे. पुस्तकांचे कप्पे अधूनमधून आलटून-पालटून लाव. खालचं वर आलं की न वाचलेलं नजरेला पडतं आणि कसरही आटोक्यात राहते.

एवढं करूनही मन ओढ घेत असेल, तर हवी ती वस्तू कॅलेंडरवर पुढच्या महिन्याच्या त्याच तारखेला लिही. तेव्हाही तितकीच हवीशी वाटली तर खुशाल घे.

काही वस्तू जीव लावूनही आपल्या हाताला बसत नाहीत. त्या अडवून ठेवू नकोस. चांगल्या स्थितीत आहेत तोवरच, वापरणाऱ्याला दे.

आणि वर्षातला एक दिवस या कामासाठी बांधून घे. खंडेनवमीला आपण हत्यारं-अवजारं पूजतो. त्याआधी विळीला धार लाव, शिवणयंत्राला तेल घाल, सायकलची साखळी पूस, किल्ली दिलेलं नाही ते घड्याळ चालू कर. बिघडलेलं त्याच आठवड्यात दुरुस्तीला टाक. दिवाळीच्या खरेदीची यादी करायची ती यानंतर. तेव्हा ती आखूड होते, आणि तिच्यात उरतं ते खरंच लागणारं असतं. ते मात्र चांगल्यातलं घे, आणि आणल्या दिवसापासून वापर.