न्यूक्लियर मेडिसीन : बी ग्रुपसाठी आणखी एक वाट



अणुशक्ती म्हटले की आपल्याला सुरतजवळचे काकरापार आठवते. तेथे अणूपासून वीज तयार होते. हाच अणू रुग्णाच्याही कामी येतो.

न्यूक्लियर मेडिसीनमध्ये किरणोत्सारी द्रव्य अगदी थोड्या मात्रेत शरीरात देतात. ते ठरावीक अवयवात जाते आणि बाहेरचा कॅमेरा त्याचे किरण टिपतो. एक्स-रेमध्ये अवयवाची ठेवण दिसते, येथे त्याचे काम दिसते. थायरॉईड ग्रंथी आयोडिन ओढून घेते, म्हणून आयोडिन-१३१ ने तिची तपासणी होते, तिच्या कर्करोगावर उपचारही होतो.

या कामात घड्याळ फार महत्त्वाचे. आयोडिन-१३१ चे अर्धायुष्य (आमच्या हिंदी पुस्तकात ‘अर्ध-आयु’ होते) ८ दिवस आहे, टेक्नेशियम-९९एम चे फक्त ६ तास. पेट स्कॅनच्या फ्लोरिन-१८ चे तर ११० मिनिटे! मुंबईत सकाळी ८ वाजता बनलेले फ्लोरिन १२ वाजता सुरतेला पोहोचले, तर किती उरेल? वहीत करून पाहा. पाव हिस्सासुद्धा उरत नाही. टेक्नेशियमसाठी मात्र सोय आहे. मॉलिब्डेनम-९९ चा जनरेटर रुग्णालयात ठेवतात आणि गाय दोहावी तसे त्यातून रोज टेक्नेशियम काढतात. हा हिशेब चुकला तर रुग्णाची तपासणी वाया जाते. तो करणारा माणूस म्हणजे टेक्नॉलॉजिस्ट.

‘नीट’मध्ये मार्क कमी पडले की काही मुले वर्षभर खचून बसतात. त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितो. एम.बी.बी.एस. नंतर या विषयात एम.डी. करता येते हे खरे, पण टेक्नॉलॉजिस्ट होण्यासाठी बी.एस्सी.ची वाट आहे. मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसीन सेंटर १९६३ पासून आहे. तेथे विज्ञानाच्या पदवीधरांसाठी या विषयाचा अभ्यासक्रम चालतो. जागा थोड्या असतात, तेव्हा बी.एस्सी.चे मार्क चांगले हवेत. फिजिक्स-केमिस्ट्री कच्चे ठेवून चालणार नाही.

पालकांचा प्रश्न ठरलेला : “सर, मुलीला किरणांचा त्रास?” काळजी रास्त आहे. कर्मचाऱ्याच्या छातीवर किरण मोजणारा बॅज असतो आणि पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या वर जाऊ द्यायची नाही, असा नियम आहे. गरोदरपणात मर्यादा आणखी कडक होते आणि त्याप्रमाणे काम बदलून देतात.

ज्यांना पुढे विचारायचे आहे, त्यांनी कॉलेजचा फॉर्म भरण्याआधी मुलाला किंवा मुलीला घेऊन कार्यालयात यावे.