'पराकाष्ठा' : अर्थ आणि उपयोजन

'पराकाष्ठा', 'शिकस्त', 'कळस' आणि 'अतिरेक' हे शब्द मराठीत परस्परांचे पर्याय म्हणून सर्रास योजले जातात. समीक्षालेखनात मात्र ही सरमिसळ अर्थास बाधक ठरते.

'पराकाष्ठा' या तत्सम शब्दातील 'काष्ठा' हे स्त्रीलिंगी पद लाकूड या अर्थाच्या 'काष्ठ'हून भिन्न आहे. अमरकोशाने त्याचे उत्कर्ष, स्थिती व दिशा असे अर्थ दिले असून १८ निमेषांच्या कालमानासही 'काष्ठा' म्हटले आहे. कठोपनिषदात पुरुषापलीकडे काहीच नाही, हे सांगताना हेच पद येते. ज्यापुढे जाता येत नाही असे टोक, हा 'पराकाष्ठे'चा गाभा होय.

व्यवहारात क्रियापदानुसार या शब्दाचे वळण बदलते. प्रयत्नांची पराकाष्ठा 'केली' जाते, दुःखाची 'होते'. पहिल्यात कर्त्याची इच्छा आहे, दुसऱ्यात केवळ भोग. 'शिकस्त'ला ही मुभा नाही. मूळ फारसीत पराभव, मोडतोड असा अर्थ असलेला हा शब्द मराठीत प्रयत्नांशीच जखडला गेला; 'दुःखाची शिकस्त' असे कोणी म्हणत नाही. 'कळस' मंदिराच्या शिखरावरून आला, तरी 'निर्लज्जपणाचा कळस' यासारख्या प्रयोगांत तो उपरोधाकडे झुकतो. 'सहनशीलतेचा अंत झाला' म्हणजे ती संपली. 'सहनशीलतेची पराकाष्ठा झाली' म्हणजे ती परमावधीला पोहोचली. बोलताना दुसरे वाक्य पहिल्याच्या अर्थाने येते. लिहिताना तसे येऊ नये.

'अतिरेक' मर्यादा ओलांडल्याचे सुचवतो. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चे उदाहरण घ्यावे. सिंधूच्या पतिनिष्ठेची 'पराकाष्ठा' असे लिहिणारा समीक्षक व्यक्तिरेखेची परिसीमा नोंदवतो. 'अतिरेक' लिहिणारा त्या निष्ठेवर, किंवा नाटककाराच्या प्रमाणभानावर, निवाडा देतो. पहिले विधान संहितेच्या आधारे दाखवता येते. दुसऱ्यासाठी मर्यादा कोणती आणि ती कोणी ठरवली, हेही सांगावे लागते. एकाच परिच्छेदात दोन्ही शब्द पर्यायी म्हणून योजले, तर वर्णन कोठे संपले व मूल्यमापन कोठे सुरू झाले, हे वाचकाला कळत नाही.

विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका व प्रबंध तपासताना ही केवळ शब्दनिवडीची बाब मानली जाते. वस्तुतः येथे शब्द बदलला की प्रतिपाद्यच बदलते. म्हणून 'अतिरेक' लिहिणाऱ्याकडे त्याने गृहीत धरलेली मर्यादा मागणे, हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.