मन जड आहे काय?

पंचगंगेच्या कांठीं गुऱ्हाळें लागलीं म्हणजे रात्रीं चुलवाणापाशीं नाना विषय निघतात. तेथें एखादा शिकलेला गृहस्थ उपदेशकास विचारतो, "मेंदू तेंच मन, मग आत्मा कशास पाहिजे?" हा प्रश्न नवा नाहीं. चार्वाकमताचे लोक म्हणत कीं, धान्यांत मद नसतां किण्वानें तो येतो, तसें पृथ्वी, आप, तेज व वायु यांच्या मिश्रणानें चैतन्य उपजतें. गुळापासून मद्य कसें होतें हें आपल्या प्रांतांत कोणास सांगावयास नको!

शंकराचार्यांनीं ब्रह्मसूत्रभाष्यांत उत्तर दिलें: प्रेतांत देह असतो, चैतन्य नसतें, शिवाय महाभूतें हीं जाणण्याचा विषय आहेत, आणि अग्नि स्वतःस जाळीत नाहीं. सांख्यांनीं तर बुद्धि व मन ह्यांसही जड प्रकृतींत घातलें व पुरुषास केवळ साक्षी ठेविलें. १८४८ सालीं ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनीं 'षड्दर्शनदर्पण' (१८६०) ह्या हिंदी ग्रंथांत सांख्यमताचें खंडन केलें. आम्हांसही वाटतें, निश्चय करणारी बुद्धि जड आणि आत्मा नुसता पाहणारा, तर पापाचा अनुताप कोणीं करावा?

तथापि भूल दिली असतां शुद्धि हरपते, डोक्यास मार लागल्यास स्मृति जाते. तेव्हां मन देहाशीं बांधलेलें आहे हें नाकारूं नये. डेव्हिड चाल्मर्स ह्या तत्त्ववेत्त्यानें १९९५ सालीं लिहिलें कीं, मेंदूचे व्यापार उलगडले तरी अनुभव मुळीं होतो कां, हा कठीण प्रश्न उरतोच. रस आटून गूळ कसा होतो हें गुळव्या सांगेल. जिभेवर ठेवणाऱ्यास गोडीचा अनुभव कां यावा, हें तो सांगूं शकत नाहीं. उपदेशकानें येथूनच बोलणें आरंभावें. मेंदूचा मनाशीं संबंधच नाहीं असें म्हटल्यास तो गृहस्थ लागलाच एखाद्या झिंगलेल्याकडे बोट दाखवील.