टीप सरळ येण्याआधी

वर्कशॉपमध्ये फायलिंगचा जॉब रिजेक्ट झाला की आपण किती वैतागतो! सोलापूरला शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका युनिटला मी गेले होते. तिथे माझ्याच वयाच्या एका मुलीचं कॉलरचं अख्खं बंडल परत आलं. टिपेला चुण्या पडल्या होत्या. बिचारी मान खाली घालून सगळं उसवत बसली. ‘‘शिकलीस कुठे?’’ विचारलं, तर म्हणे, ‘‘शेजारच्या मावशींचं बघून.’’ खरी गोम इथेच आहे.

नीट शिकवायचं तर आधी सुईत दोरा ओवायचाच नाही. कागदावरच्या रेघेवर रिकामं मशीन चालवायचं. आधी सरळ रेघ, मग कोपरा, मग वळण. भोकं रेघेवरच पडली पाहिजेत. घरी मशीन चालवणाऱ्यांनाही हा सराव लागतो, कारण कारखान्यातलं मशीन मिनिटाला चार-पाच हजार टाके घालतं. पाय जरा जास्त दाबला की ते पळत सुटतं! त्यानंतर बॉबिन, दोऱ्याचा ताण, सुईचा नंबर आणि मग कापड. वेग सगळ्यात शेवटी.

आता थोडं गणित. कारखान्यात अख्खा शर्ट एकच जण शिवत नाही. खिसा, बाही, कफ, कॉलर, प्रत्येकाला वेगळी कारागीर. समजा, बाकी कामांना ३० सेकंद लागतात आणि कॉलरला ४५. मग तासाला १२० नाही, ८०च शर्ट निघणार. बाकीच्या दर ४५ सेकंदांत १५ सेकंद नुसत्या थांबणार. यालाच आपण ‘बॉटलनेक’ म्हणतो. कॉलरवालीवर ओरडून तो सुटत नाही, उलट चुण्या वाढतात. पण खिसा लावणारीला कॉलरही येत असेल, तर रिकाम्या वेळात ती हात देऊ शकते.

यात मालकाचा फायदा आहेच, पण मुलीचा जास्त आहे. फक्त कॉलर येणारी मुलगी कॉलरलाच बांधलेली. चार कामं येणारी चार ठिकाणी काम मागू शकते, पगारही वाढवून मागू शकते.

केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये ‘समर्थ’ योजना मंजूर केली. त्यात प्रशिक्षणाला नोकरीची जोड दिली. चांगलंच आहे. पण माझ्या मते पहिली नोकरी लागली म्हणजे शिक्षण संपलं असं नाही. दुसरं, तिसरं काम कारखान्यातच शिकवायला हवं.

उद्या शर्टाला इस्त्री करताना कॉलरची टीप जरा निरखून बघा. ती सरळ असेल, तर कुणीतरी कुणालातरी वेळ देऊन शिकवलंय.