चाकांवरचा आरा घेण्याआधी

शिंदे की छावनी, लश्कर,
ग्वाल्हेर

चि. बाळास,

तुझं पत्र आणि सोबतचं यंत्राचं माहितीपत्रक मिळालं. दोन्ही दोनदा वाचलं. नोकरी सोडून लाकडाचं काम करायचं ठरवलंस याचा मला मनापासून आनंद आहे. आपल्या वाड्याच्या मागच्या अंगणात तू हा चाकांवरचा आरा ठेवणार, गाडीला जोडून डबरा-भितरवारकडच्या शेतांवर नेणार, बांधावरच्या शिसवीचे ओंडके जागेवरच चिरणार आणि फळ्या घेऊन घरी येणार. कागदावर बेत चांगला आहे. पण पैसे भरण्याआधी माझं ऐक.

यंत्र चांगलंच आहे. आपल्या लाकडाच्या टालावरच्या उभ्या आऱ्यावर ओंडका सरकवावा लागतो. इथे ओंडका आडवा बांधलेला असतो आणि करवतीचं डोकं रुळांवरून पुढे जातं. त्यामुळे दोन माणसं मोठा ओंडकाही सांभाळू शकतात. खरा फायदा मात्र या करवतीच्या पातळ पट्ट्याचा आहे. बारा इंची चौकोनी ठोकळ्यातून एक इंची फळ्या काढायच्या आहेत असं धर. जाड गोल करवत दर चिरेला सहा मिलिमीटर लाकडाचा भुसा करत असेल तर नऊ फळ्या निघतात. पातळ पट्टा दोन मिलिमीटर खात असेल तर अकरा. शिसवीच्या भावात दोन फळ्या म्हणजे काय ते तुला सांगायला नको. साखळी करवतीला पट्टी जोडून फळ्या काढायची स्वस्त सोय मिळते, ती घेऊ नकोस. ती याहून जास्त लाकूड भुशात घालवते आणि माणसाची कंबर मोडते.

आता अडचण सांगतो. यंत्राला चाकं आहेत म्हणून ते कायद्यातून सुटत नाही. आपल्या राज्यात 1984 चा काष्ठ चिरान (विनियमन) अधिनियम आहे. विजेवर किंवा इंजिनावर ओंडके चिरायचे तर वनविभागाचा परवाना लागतो. पुढे गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा 12 डिसेंबर 1996 चा हुकूम आला आणि देशभरातल्या आरा गिरण्यांवर बंधनं आली. 2016 साली केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हापासून नव्या गिरणीचा अर्ज राज्याच्या समितीपुढे जातो. त्या भागात गिरणीला पुरेल एवढं लाकूड खरोखर आहे का, हे समिती आधी बघते. तुला ही अडवणूक वाटेल. मला वाटत नाही. घाटीगावाकडचं जंगल मी लहानपणी पाहिलंय आणि आजही पाहतो. आरा दारात उभा राहिला की त्याला रोज ओंडका हवा असतो, आणि तो कुठून आला हे विचारायला मग कोणाला सवड नसते.

म्हणून पहिलं काम यंत्रवाल्याकडे नाही, वनमंडल अधिकाऱ्याच्या कार्यालयात आहे. माहितीपत्रक सोबत ने. हे यंत्र, ही जागा, एवढ्या हॉर्सपॉवरची मोटर, आणि शेतोशेती फिरवायचं आहे, असं सगळं स्वच्छ सांग. आयत्या चिरलेल्या लाकडावर काम करणाऱ्या सुताराला कोणते नियम लागतात तेही विचार. उत्तर लेखी घे. तोंडी ‘चालतंय हो’वर विसंबून आणलेलं यंत्र जप्त झालं तर हप्ते तुलाच फेडायचे आहेत. शहरातलं झाड तोडायलाही 2001 च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. शेतकऱ्याचं झाड घेशील तेव्हा झाडाची परवानगी आणि वाहतुकीचे कागद लाकडाच्या आधी हातात आले पाहिजेत.

दुसरं, तुला महिन्याला फळी किती लागते? टालावर ओंडका कसा मोजतात ते तू पाहिलं आहेस: घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. अठ्ठेचाळीस इंच घेराचा आठ फुटी ओंडका त्या मापाने आठ घनफूट भरतो. खरं आकारमान दहाच्या थोडं वर असतं. साल, पांढरं लाकूड, वाक आणि भुसा जाऊन हाती किती राहतं ते दहा ओंडक्यांवर वहीत लिहून काढ. दोन सुतारांच्या कारखान्याला महिन्याला लागणारी फळी हे यंत्र, माझ्या अंदाजाने, दोन-तीन दिवसांत चिरून देईल. उरलेले दिवस ते ताडपत्रीखाली राहील, किंवा तुला दुसऱ्यांचे ओंडके चिरायला घ्यावे लागतील. तो धंदा वेगळा. त्यात तू सुतार राहत नाहीस.

आणि शहरातले ओंडके! अंगणातला कडुनिंब वादळात पडला तेव्हा मी तो हौसेने आऱ्यावर नेला होता. खोड बाहेरून निकोप. तिसऱ्या चिरेला खण्णकन आवाज झाला आणि पट्टा तुटून जाळीवर आपटला. मिस्त्री मागे उभा होता म्हणून वाचला. खोड उघडलं तर वीतभर आत लोखंडी आकडा, भोवती शाईसारखा काळा डाग. तुझ्या आईच्या झोक्याचा आकडा तो. पन्नास वर्षांत झाडाने गिळून टाकला होता. रस्त्यावरच्या आणि वाड्यातल्या झाडांत खिळे, तारा, पाट्यांचे स्क्रू सगळं असतं. ओंडक्याच्या टोकाला निळसर काळा डाग दिसला की धातू शोधायचं यंत्र फिरवल्याशिवाय पट्टा लावू नकोस. सालीतली माती ब्रशने काढ, कारण तीही पट्ट्याचे दात झिजवते.

पट्ट्याचंही सांगतो, कारण माहितीपत्रकात मोटरची ताकद मोठ्या अक्षरात असते आणि पट्ट्याबद्दल एक ओळ. ओल्या, मऊ आंब्याला दातांचा जास्त झुकाव चालतो. सुक्या शिसवीला आणि बाभळीला कमी झुकावाचे दात हवेत, नाहीतर फळी लाटेसारखी निघते. सागाच्या लाकडात वाळूतलं द्रव्य, सिलिका, असतं. ते दिसत नाही, पण धार लवकर बोथट करतं. म्हणून विक्रेत्याला विचार: पट्टे ग्वाल्हेरात मिळतात का, धार लावून दात फाकवून कोण देतं, किती दिवसांत? याचं उत्तर दिल्ली किंवा इंदूर असेल तर एका वेळी दहा पट्टे घरात पाहिजेत.

आता वाळवणं. यावर मी सगळ्यात जास्त नुकसान सोसलंय. एका वैशाखात आंब्याच्या ओल्या फळ्या गच्चीवर भिंतीला टेकवून ठेवल्या. लू चाललेली. रात्री झोपलो होतो आणि वर टचटच आवाज, जणू कोणी बोटं मोडतंय. सकाळी पाहिलं तर टोकापासून हातभर चिरा, आणि उरलेल्या फळ्या पिळलेल्या. बाहेरचं लाकूड झपाट्याने वाळलं, आतलं ओलंच राहिलं, मग दुसरं काय होणार? चिरकाम कार्तिक-मार्गशीर्षात कर. टोकांना त्याच दिवशी रंग लाव. सावलीत, जमिनीपासून फूटभर वर थर रच. दोन थरांमध्ये इंची पट्ट्या, दर दोन फुटांवर, आणि वरची पट्टी बरोबर खालच्या पट्टीच्या वर आली पाहिजे. इंचाच्या फळीला वर्ष द्यायची तयारी ठेव. ओलावा मोजायचं छोटं यंत्र आधी घे. आपल्याकडे मेमधली हवा आणि श्रावणातली हवा यांत इतका फरक आहे की ओल्या फळीची कपाटं ग्राहकाच्या घरी गेल्यावर उघडायची बंद होतात, आणि मग नाव तुझं जातं.

मला विचारशील तर यंदा आरा घेऊ नकोस. वर्षभर परवाना असलेल्या आऱ्यावर मजुरी देऊन ओंडके चिरून घे. चिरताना स्वतः उभा राहा आणि कोणता ओंडका कुठून उघडायचा ते मिस्त्रीकडून शिक. वाचलेल्या पैशांत वाळवणीची शेड बांध. तोवर परवान्याचं काय होतं ते कळेल. परवाना मिळालाच, तर गाडीला जोडायचं महागडं यंत्र सोड. साधं, हाताने ढकलायचं, विजेच्या मोटरचं घे. तीन फेजचं कनेक्शन मिळेल अशी शहराबाहेरची जागा बघ. छावनीच्या भिंतीला भिंत लागलेल्या घरांत पेट्रोल इंजिनाचा आवाज शेजाऱ्यांनी का सोसावा? यंत्र बघायला जाशील तेव्हा रंग बघू नकोस. बारा फुटी ओंडका लावायला सांग, पहिल्या आणि शेवटच्या फळीची जाडी दोन्ही टोकांना आणि मधे मोज. रूळ वाकडे असतील तर तिथेच कळेल.

आणि चालू पट्ट्याजवळ गळ्यात गमछा नको. उन्हाळ्यातही नाही. शिसवीचा भुसा छातीला लागतो, मास्क लाव.

तुझी मामी विचारते आहे, दिवाळीला येतोस का? कडुनिंबाच्या फळ्या जिन्याखाली रचून ठेवल्या आहेत, आता वाळल्या असतील. आकडाही धुऊन ठेवलाय. येताना ओलावा मोजायचं यंत्र घेऊन ये, आधी त्याच फळ्यांवर लावून बघू.

तुझा,
मामा