किरण आला की किरण आली?

मुलांनो, समजा बाईंनी सांगितले, "पुढच्या शनिवारी वर्गात किरण येईल." येणार तो मुलगा की मुलगी? नुसत्या नावावरून कळणार नाही.

किरण मोरे हा बडोद्याचा क्रिकेटपटू. १९९२ चा विश्वचषक न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात झाला, तेव्हा तो भारताचा यष्टिरक्षक होता. (सिडनीला मियाँदादने त्याच्यासमोर कशा उड्या मारल्या ते बाबांना विचारा!) किरण बेदी या मात्र १९७२ साली भारतीय पोलीस सेवेत गेलेल्या पहिल्या महिला. 'दुनियादारी' कादंबरी लिहिणारे सुहास शिरवळकर पुरुष, तर सुहास जोशी अभिनेत्री. मृणाल गोरे मुंबईत पाण्यासाठी लढल्या. बंगालचे मृणाल सेन चित्रपट दिग्दर्शक. शीतल आणि स्नेहल ही नावेही दोघांची. तुमच्या शाळेत केरी आणि रॉबिन असतात, तसेच हे.

आता खरी गंमत. 'किरण' हा शब्द पुल्लिंगी आहे. सूर्याचा किरण खिडकीतून 'आला'. पण किरण नावाची मुलगी खिडकीतून डोकावली, तर 'डोकावली'च म्हणायचे. 'सुमन' म्हणजे फूल, ते नपुंसकलिंगी. तरी सुमनमावशी 'आली', 'आले' नाही. क्रियापद शब्दाकडे पाहत नाही, माणसाकडे पाहते.

इंग्रजीत 'ही' आणि 'शी' वेगळे, पण क्रियापद तेच राहते. माओरीत तर दोघांना एकच शब्द, 'इआ'. मराठीत तो-ती आहेच, शिवाय क्रियापदही बदलते. मात्र नेहमी नाही! 'किरण येईल' यावरून काही कळत नाही. 'किरणने पोळी खाल्ली' यावरूनही नाही, कारण तिथे 'खाल्ली' हे पोळीमुळे आले. तोच किरण किंवा तीच किरण आंबा खाईल तेव्हा 'खाल्ला' होईल.

पालकांनो, मुलांची गाडी अडते ती 'मी'पाशी. दिवसभर आईचे ऐकून मुलगा 'मी जाते' म्हणतो, बाबांचे ऐकून मुलगी 'मी येतो' म्हणते आणि फोनवर भारतातले सगळे हसतात. एकदा हसले की मूल पुढच्या वेळी इंग्रजीत उत्तर देते. म्हणून हसू नका, टोकूही नका. 'हो का, तू जातोस का?' एवढेच म्हणा. कान आपोआप तयार होतो. (कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो', 'मी जातो' असेच बोलतात. त्या आजीला कुणी चूक म्हणू नये!)

बाळाचे नाव किरण ठेवावे का, असेही काहीजण विचारतात. खुशाल ठेवा. निखिल मुलगा की मुलगी हेही इथल्या शाळेत पहिल्या दिवशी कळत नाही, मग किरणची वेगळी अडचण ती काय?

गृहपाठ: पुढे किरण मुलगा आहे, मुलगी आहे, की सांगता येत नाही ते लिहा. कशावरून ओळखले, त्या शब्दाखाली रेघ मारा.

१. किरण रोज पोहायला जाते.
२. किरणने झाड लावले.
३. किरणला ताप आला. (सावकाश विचार करा!)
४. किरण बागेत पडला.
५. किरण उद्या ऑकलंडला जाणार आहे.

पालकांनी उत्तरे सांगू नयेत.