उजव्या कौलामागचा प्रश्न

क्षयाच्या गोळ्यांचा तिसरा महिना लागला होता. मोठे दीर गावच्या देवळातून आले ते निर्णय घेऊनच. "देवाने उजवी दिली. यंदा बी.एड. नको, देवाच्या मनात नाही." प्रस्तुत लेखिका तेव्हा रत्नागिरीजवळच्या सासरी नुकती हिंडूफिरू लागली होती. प्रवेशाचा अर्ज भरलेला होता.

कौलात उजवी म्हणजे देवाचा होकार, मग नकार कसा? रात्रभर तिला हेच टोचत राहिलं. सकाळी पुतण्याला विचारलं तेव्हा उलगडा झाला. देवापुढे घातलेल्या गाऱ्हाण्यात बी.एड.चं नावही नव्हतं. सून आजारातून उठली आहे, तिने वर्षभर घरात राहावं, हे मान्य असेल तर उजवी दे, असं घातलं होतं! तिच्या आयुष्याचा प्रश्न तिच्या पाठीमागे विचारला गेला, तोही असा वळवून. वर दीर म्हणाले, "देवावर भरवसा नाही का तुझा?"

भरवसा होता, आजही आहे. आजारपणात रोज तिन्हीसांजेला दिवा लावून ती एवढंच मागत असे, की शरीर सावरू दे, पुढची वाट तू दाखव, चालेन मी. देवावर सोपवणं ते हेच. दिरांवर सोपवणं ही वेगळी गोष्ट.

मग पावसच्या स्वामी स्वरूपानंदांचा दाखला आला, "त्यांनीसुद्धा आजारानंतर सगळं सोडलं." हे ऐकून तर तिचा संताप अनावर झाला. 1903 साली पावसला जन्मलेले स्वामी स्वातंत्र्य चळवळीत उतरले, 1932 मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गेले. 1934 मध्ये मोठं दुखणं आलं आणि बाहेरची धावपळ थांबली, हे खरं. पण त्यानंतर देसाई कुटुंबाच्या घरात राहून, 1974 मध्ये देह ठेवेपर्यंतच्या चाळीस वर्षांत, त्यांनी ज्ञानेश्वरी अभंगांत आणली, आल्यागेल्याला मार्ग दाखवला. त्यांच्या वतीने कुणी कौल लावल्याचं ऐकिवात नाही. ती वाट त्यांची स्वतःची होती.

गोळ्यांवरूनही असंच झालं. साध्या क्षयाला पहिले दोन महिने चार औषधं असतात, पुढचे चार महिने तीन. एक औषध कमी झालं, वजन वाढलं, तर घरच्यांनी रोगच गेला असं धरलं आणि "आता देव बघेल" म्हणू लागले. तिने एकही दिवस चुकवला नाही. गोळ्या मध्येच सोडल्या तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात आणि उपचार फार लांबतो, हे आरोग्यसेविकेने तिला आधीच बजावलं होतं.

अशा दुखण्यातून उठणाऱ्यांनी कौल लावायचाच असेल तर स्वतः देवळात उभं राहावं आणि गाऱ्हाण्याचे शब्द आधी ठरवून घ्यावेत. लघवी नारिंगी झाली तर घाबरू नये, तो रिफॅम्पिसिनचा रंग. खोकला थांबला तरी थुंकीची तपासणी टाळू नये. नीट जेवावं, झोपावं, मन शांत ठेवावं. प्रवेशाच्या तारखा स्वतःच्या वहीत लिहाव्यात, घरातल्या कुणावर त्या सोपवू नयेत. आणि क्षयरुग्णांना आहारासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे पैसे, नोव्हेंबर 2024 पासून महिना 1000 रुपये, रुग्णाच्या स्वतःच्या बँक खात्यात घ्यावेत. तिच्या घरी त्या पासबुकाचीही मागणी झाली होती. तिने ते दिलं नाही.